स्मृतिपृष्ठ-संरक्षण व दोषशोधन

स्मृतिपृष्ठ-संरक्षण व दोषशोधन : संगणकाच्या स्मृतीचे ठराविक आकाराच्या भागांत म्हणजे पृष्ठांत विभाजन करून प्रत्येक पृष्ठाच्या बाबतीत वाचन, लेखन व तेथील आदेशांचे पालन यांपैकी कोणती कृती होऊ द्यावयाची, हे यंत्रपातळीवर ठरविण्याच्या व्यवस्थेस स्मृतिपृष्ठ-संरक्षण म्हणतात. एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या आज्ञावलीत ढवळाढवळ करू नये, या हेतूने ही व्यवस्था मुळात निर्माण झाली. पुढे तीच व्यवस्था एकाच आज्ञावलीतील स्मृतिविषयक चुका हुडकून काढण्याचे साधन म्हणून वापरली जाऊ लागली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या उपयोगाचे विवेचन केले आहे. [→ संगणक].

स्मृतिदोषांचे स्वरूप : जावासारख्या भाषेत सारणीच्या मर्यादेबाहेरील घटक मागितला, तर आज्ञावली तेथेच थांबविली जाते. बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केलेली सी ही भाषा आणि तिच्यापासून निघालेली सी++ यांत अशी तपासणी आपोआप होत नाही. वेग व यंत्रावरील थेट ताबा यांसाठी ती जाणीवपूर्वक वगळलेली आहे. परिचालन प्रणाली, माहितीकोश, जालकाच्या सेवा पुरविणाऱ्या आज्ञावल्या अशी संगणकविश्वाची पायाभूत बांधणी मोठ्या प्रमाणावर याच दोन भाषांत झालेली असल्याने हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या अभ्यासापुरता राहत नाही.

समजा, एखाद्या आज्ञावलीने २४ बाइटांचा स्मृतिखंड मागून घेतला आणि चुकीने त्यात २५ वा बाइट लिहिला. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. तो बाइट लिहिला जातो. त्या जागी आधी जे असेल ते, म्हणजे दुसऱ्या नोंदीतील एखादा आकडा किंवा स्मृतीचे वाटप करणाऱ्या आज्ञावलीची स्वतःची हिशेबाची नोंद, पुसले जाते. त्या क्षणी काहीही घडल्याचे दिसत नाही. नंतर केव्हातरी, कदाचित तासाभराने, सर्वस्वी निराळ्या भागातील निर्दोष आदेश तो बिघडलेला आकडा वाचतात आणि आज्ञावली कोसळते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे उत्तर बिनबोभाट देते. शेताचा बांध कोरणाऱ्याचा नांगर शेजाऱ्याला त्या दिवशी दिसत नाही. मोजणी होते तेव्हाच जमीन कमी भरते, आणि तोवर बांध कोणी व केव्हा कोरला याचा पुरावा उरत नाही. स्मृतिदोषांची नेमकी हीच अडचण आहे. चूक घडण्याचे स्थळ व काळ आणि ती उघडकीस येण्याचे स्थळ व काळ यांत मोठे अंतर असते. दोष शोधणाऱ्याचा बहुतेक वेळ हे अंतर उलट दिशेने कापण्यात जातो.

यांखेरीज आणखी दोन प्रकारचे दोष नेहमी आढळतात. एका प्रकारात, परत केलेल्या म्हणजे मुक्त केलेल्या खंडाचा पत्ता आज्ञावलीतील एखाद्या पॉइंटरमध्ये तसाच राहतो आणि तो खंड दुसऱ्या कामास दिल्यानंतरही जुन्या पत्त्याने तेथे लिहिले जाते. दुसऱ्या प्रकारात पॉइंटरला खरा पत्ता मिळालेलाच नसतो. त्यात शून्य असते व आज्ञावली शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर वाचू वा लिहू पाहते. या दोषांचा शोध अवघड होण्याचे आणखी एक कारण असे की, तपासासाठी आज्ञावलीत दोनचार जादा ओळी घातल्या की स्मृतीतील मांडणी बदलते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. अशा दोषास भौतिकीविज्ञ हायझेनबेर्क यांच्या नावावरून ‘हायझेनबग’ असे गमतीचे नाव मिळाले असून संगणकतज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५ मधील लेखनामुळे ते रूढ झाले.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अनेक वर्षे टर्बो सी हा बोर्लंड कंपनीचा भाषांतरक वापरून सी भाषा शिकविली जात असे. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हा संदेश पाहिलेला असेल. हा संदेश चूक घडताक्षणी नव्हे, तर आज्ञावली संपल्यावर येत असे. १९७८ मधील ८०८६ या प्रक्रियकात स्मृतीचे कोणतेही संरक्षण नव्हते. म्हणून बोर्लंडने माहितीखंडाच्या अगदी आरंभी आपल्या स्वामित्वहक्काचा मजकूर ठेवला होता आणि शेवटी तो जसाच्या तसा आहे की नाही हे पाहिले जाई. मजकूर बिघडलेला आढळल्यास कोणीतरी शून्याजवळच्या पत्त्यावर लिहिले एवढेच कळे. कोणत्या ओळीने लिहिले हे कळत नसे. संदेश खरा असूनही निरुपयोगी ठरे तो यामुळे.

यंत्रणा : आज्ञावली ज्या पत्त्यांचा उल्लेख करते ते भासमान पत्ते असतात. प्रक्रियक प्रत्येक भासमान पत्त्याचे पृष्ठकोष्टकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष स्मृतीतील पत्त्यात रूपांतर करतो. इंटेलच्या ८०३८६ (१९८५) व त्यानंतरच्या त्या कुळातील प्रक्रियकांत पृष्ठाचा मूळ आकार ४,०९६ बाइट आहे. व्हॅक्स यंत्रांत तो ५१२ बाइट होता, तर ॲपलच्या अलीकडील प्रक्रियकांवर १६,३८४ बाइटांची पृष्ठे वापरली जातात. कोष्टकातील प्रत्येक नोंदीत प्रत्यक्ष पत्त्याबरोबर काही बिट राखलेले असतात : पृष्ठ स्मृतीत आहे किंवा नाही, त्यावर लिहिता येईल किंवा नाही, ते सामान्य आज्ञावलीस खुले आहे की केवळ परिचालन प्रणालीस. पृष्ठावरील माहिती आदेश म्हणून पाळू नये असे सांगणारा बिट या कुळात २००३ मध्ये एएमडी कंपनीच्या ६४ बिटी प्रक्रियकांबरोबर आला.

नियमाविरुद्ध कृती झाली की प्रक्रियक तो आदेश अर्धवट सोडून परिचालन प्रणालीकडे नियंत्रण देतो. यास येथे संरक्षणभंग म्हटले आहे. ८०३८६ मध्ये ज्या पत्त्यामुळे भंग झाला तो पत्ता एका खास नोंदकात मिळतो व दोषी आदेशाचा पत्ताही जपून ठेवलेला असतो. युनिक्स कुळातील प्रणाली ही वार्ता आज्ञावलीला संकेताच्या रूपाने कळविते. आज्ञावलीने त्या संकेताची काही व्यवस्था केलेली नसेल, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हा सुपरिचित संदेश देऊन ती बंद केली जाते. नवशिक्याला हा संदेश शिक्षेसारखा वाटतो. वस्तुतः तपासाच्या दृष्टीने तो मोठा लाभ असतो, कारण आरोपी जागेवरच पकडला गेलेला असतो. ही तपासणी प्रक्रियक एरवीही प्रत्येक स्मृतिसंपर्काच्या वेळी करीतच असल्याने तिच्यामुळे आदेशांची संख्या वाढत नाही.

इतिहास : पृष्ठविभाजनाची कल्पना मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी फेरांटी कंपनीच्या सहकार्याने उभारलेल्या ॲटलस या संगणकात (१९६२) प्रथम प्रत्यक्षात आली. त्यात ४८ बिटांच्या ५१२ शब्दांचे एक पृष्ठ असे व चुंबकी गाभ्यांच्या मुख्य स्मृतीत ३२ पृष्ठे मावत. प्रत्येक पृष्ठासाठी असलेल्या नोंदकात कुलूपबंदीचा एक बिट होता. चुंबकी दंडगोलावरून एखाद्या पृष्ठाची ने-आण चालू असताना आज्ञावलीने त्यास हात लावू नये, हा त्याचा हेतू होता. आयबीएमच्या ३६० मालिकेत (१९६४) निराळी पद्धत स्वीकारण्यात आली. तीत २,०४८ बाइटांच्या प्रत्येक भागास ४ बिटांची एक किल्ली दिलेली असे आणि आज्ञावलीजवळची किल्ली जुळली नाही, तर लेखन नाकारले जाई.

संरक्षण असणे व नसणे यांतील फरक १९८० नंतरच्या दशकात एका विलक्षण रीतीने प्रत्ययास आला. व्हॅक्स संगणकावरील युनिक्समध्ये शून्य क्रमांकाचे पृष्ठ वाचनास खुले होते व त्या पत्त्यावर शून्यच सापडे. त्यामुळे शून्य पॉइंटरने मजकूर वाचणाऱ्या सदोष आज्ञावल्यांना तेथे रिकामा मजकूर मिळे आणि त्या सुखाने चालत. याच आज्ञावल्या सन कंपनीच्या संगणकांवर नेल्या असता पहिल्याच खेपेस कोसळत, कारण तेथे आरंभीचे पृष्ठ बंद ठेवलेले होते. दोष नवीन यंत्राचा आहे अशी तक्रार करणारे तेव्हा पुष्कळ होते. आज शून्यालगतचा प्रदेश बंद ठेवणे ही सर्वमान्य रीत झाली आहे. विंडोज प्रणाली पहिले ६५,५३६ बाइट सामान्यतः कोणास देत नाही, आणि ॲपलच्या ६४ बिटी मॅक प्रणालीत तर पहिला ४ गिगॅबाइटांचा संपूर्ण प्रदेश निषिद्ध असतो.

आपल्याच पृष्ठांचे संरक्षण बदलण्याची सोय सामान्य आज्ञावलीला मिळाल्यावाचून दोषशोधनासाठी तिचा उपयोग शक्य नव्हता. ‘एमप्रोटेक्ट’ या नावाच्या सेवेचे वर्णन बर्कली येथील युनिक्सच्या ४.२ आवृत्तीच्या (१९८३) माहितीपुस्तकांत आढळते. मात्र ती कार्यान्वित अशी सनओएस ४.० (१९८८) या प्रणालीत मिळू लागली.

पहारा-पृष्ठाची पद्धत : अमेरिकन आज्ञावलीकार ब्रूस पेरेन्स यांनी १९८७ मध्ये लिहिण्यास आरंभ केलेल्या ‘इलेक्ट्रिक फेन्स’ म्हणजे विजेचे कुंपण या साधनात ही पद्धत तिच्या सर्वांत साध्या रूपात पाहावयास मिळते. नेहमीच्या वाटप-आज्ञावलीऐवजी हे साधन जोडले की मूळ आज्ञावलीत एकही अक्षर न बदलता ते काम करू लागते. प्रत्येक मागणीला ते स्वतंत्र पृष्ठ देते, त्याच्या लगतचे पुढील पृष्ठ संपूर्ण बंद करते आणि खंड अशा रीतीने ठेवते की, त्याचा शेवट पृष्ठाच्या शेवटाशी जुळावा.

उदाहरणार्थ, पृष्ठाची व्याप्ती ४०,९६० ते ४५,०५५ या पत्त्यांपर्यंत आहे असे समजू. २४ बाइटांचा खंड ४५,०३२ या पत्त्यापासून दिला जातो. त्याचा २४ वा बाइट ४५,०५५ वर येतो आणि २५ वा ४५,०५६ वर, म्हणजे पहारा-पृष्ठाच्या पहिल्याच बाइटावर. तेथे लिहिणारा किंवा नुसते वाचणारा आदेशही तत्क्षणी पकडला जातो. वाचनाची चूक काहीही बिघडवीत नसल्याने इतर मार्गांनी ती क्वचितच उघडकीस येते, हे लक्षात घेतले म्हणजे या पद्धतीचे महत्त्व पटते.

येथे एक बारकावा आहे. कित्येक प्रक्रियकांवर व भाषांतरकांच्या नियमांप्रमाणे खंडाचा आरंभ ८ ने (किंवा १६ ने) भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावा लागतो. १३ बाइटांचा खंड मागितल्यास तो ४५,०४३ ऐवजी ४५,०४० वर ठेवावा लागतो व शेवटी ३ बाइट बिनपहाऱ्याचे राहतात. एका बाइटाची अतिक्रमणे, जी प्रत्यक्षात सर्वांत अधिक घडतात, नेमकी या फटीत लपतात. पेरेन्स यांच्या साधनात हा नियम शिथिल करण्याची सोय आहे. तसेच पहारा खंडाच्या पुढे न ठेवता मागे ठेवण्याचीही आहे. दोन्ही बाजूंस अगदी खेटून पहारा ठेवता येत नाही, कारण खंडाचा आकार क्वचितच पृष्ठाच्या पूर्ण पटीत असतो. म्हणून काळजीपूर्वक तपास करावयाचा असेल, तर आज्ञावली दोनदा चालवावी लागते.

मुक्त केलेल्या खंडांसाठीचा उपाय याहून सरळ आहे. खंड परत आला की त्याचे पृष्ठच बंद करावयाचे व ते पुन्हा कोणास द्यावयाचे नाही. मग जुन्या पत्त्याने तेथे जाणारा प्रत्येक आदेश संरक्षणभंग घडवितो. विंडोजमधील ‘पेजहीप’ आणि मॅकमधील ‘गार्ड मॅलॉक’ ही साधने याच तत्त्वावर चालतात.

खर्च : या अचूकतेची किंमत जबर असते. २४ बाइटांचे १ लाख खंड एरवी २४ लाख बाइटांत (हिशेबाच्या नोंदी वगळता) मावले असते. पहाऱ्यासह त्यांना ८१ कोटी ९२ लाख बाइटांचा पत्ताप्रदेश लागतो. पहारा-पृष्ठास प्रत्यक्ष स्मृती लागत नसल्याने खरी स्मृती त्याच्या निम्मी, म्हणजे ४० कोटी ९६ लाख बाइट खर्च होते. ३२ बिटी पत्त्यांच्या काळात एकूण पत्ताप्रदेशच सु. ४२९ कोटी बाइटांचा असल्याने मोठी आज्ञावली अशा रीतीने तपासणे जवळजवळ अशक्य होते. ६४ बिटी पत्त्यांनी ती अडचण दूर केली, तरी इतर मर्यादा उरल्याच. लिनक्समध्ये एका आज्ञावलीस मिळणाऱ्या निरनिराळ्या पत्ताविभागांची संख्या एरवी ६५,५३० पर्यंत मर्यादित असते. प्रत्येक खंडासाठी एक खुला व एक बंद असे दोन विभाग होत असल्याने सु. ३२ हजार खंडांनंतर वाटप थांबते. ही मर्यादा व्यवस्थापकास वाढविता येते. परंतु ती ठाऊक नसणाऱ्यास स्मृती शिल्लक असताना ती संपल्याचा संदेश मिळतो आणि तो भलत्याच वाटेने शोध घेऊ लागतो.

बदलावर पाळत : कित्येकदा प्रश्न मर्यादा ओलांडल्याचा नसतो. एखादे कोष्टक आरंभी एकदाच भरावयाचे असते, पुढे त्यात बदल होऊ नये अशी अपेक्षा असते आणि तरीही ते बदललेले आढळते. अशा वेळी कोष्टक स्वतंत्र पृष्ठावर ठेवून भरणे पूर्ण होताच ते पृष्ठ केवळ वाचनीय करावे. बदल करणारा आदेश लगेच उघड होतो. त्याच पृष्ठावर लेखनास पात्र अशी इतर माहिती असेल, तर दोषशोधक आज्ञावलीस अधिक खटपट करावी लागते. भंग झाल्यावर पत्ता तपासावयाचा, तो पाळतीवरचा नसेल तर पृष्ठ क्षणभर खुले करून तो एकच आदेश पार पाडावयाचा आणि पृष्ठ पुन्हा बंद करावयाचे. यात वेळ फार जातो. ८०३८६ प्रक्रियकात पाळतीसाठी खास नोंदक दिलेले आहेत व ते वेगवान आहेत. परंतु त्यांची संख्या केवळ ४ असून प्रत्येकात जास्तीत जास्त ४ बाइटांवर नजर ठेवता येते. मोठ्या सारणीवर पाळत ठेवावयाची झाल्यास पृष्ठ-संरक्षणाचाच आश्रय घ्यावा लागतो.

स्टॅकच्या टोकास ठेवलेले पहारा-पृष्ठ हा याच कल्पनेचा एक नित्याचा उपयोग होय. लिनक्समध्ये ही मोकळी जागा एका पृष्ठाएवढी होती. एखाद्या कार्याने मोठी स्थानिक सारणी घेतल्यास तेवढी जागा एका उडीत ओलांडता येते, हे २०१७ मध्ये निदर्शनास आल्यावर ती २५६ पृष्ठे म्हणजे १ मेगॅबाइट करण्यात आली.

मर्यादा : पहारा फक्त त्याच खंडांना मिळतो जे वाटप-आज्ञावलीकडून मागितले जातात. एका मोठ्या नोंदीतील एका घटकाने शेजारच्या घटकावर केलेले अतिक्रमण पृष्ठ-संरक्षणास दिसत नाही. तसेच, चुकीचा पत्ता परिचालन प्रणालीच्या एखाद्या सेवेस दिला, तर आज्ञावली थांबत नाही. सेवेकडून केवळ दोषांक परत येतो, आणि परत आलेला दोषांक न पाहण्याची सवय सर्वत्र आहे.

वाटपाची नेहमीची वाट टाळल्याने काय घडू शकते याचे ठळक उदाहरण म्हणजे ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष होय. जालकावरील संदेश सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीसंग्रहाच्या मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीपासून तो दोन वर्षे वावरत होता. दूरच्या संगणकाने ‘माझा एवढा मजकूर परत पाठव’ असे सांगावयाचे, मजकूर दोनचार बाइटांचाच धाडावयाचा आणि लांबी मात्र ६५,५३५ बाइटांपर्यंत सांगावयाची; उत्तर देणारी आज्ञावली सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून शेजारची स्मृती, तीत असलेल्या परवलीच्या शब्दांसह व कित्येकदा गुप्त किल्ल्यांसह, पाठवून देत असे. ही निव्वळ वाचनाची चूक होती, म्हणजे पहारा-पृष्ठावर आदळून उघडी पडण्यासारखी. परंतु या संग्रहात वेगासाठी मुक्त खंड स्वतःजवळच साठवून पुन्हा वापरण्याची खाजगी व्यवस्था होती. त्यामुळे पहारा ठेवणाऱ्या वाटप-आज्ञावलीस, उदा., ओपनबीएसडी या प्रणालीतील वाटप-आज्ञावलीस, हस्तक्षेपाची संधीच फारशी मिळाली नाही. ओपनबीएसडीच्या कार्यकर्त्यांनी याच महिन्यात लिब्रेएसएसएल हा वेगळा संग्रह सुरू केला आणि त्यातील ही खाजगी व्यवस्था काढून टाकली. वेग वाढविण्याच्या हेतूने केलेल्या अशा खाजगी वाटपाकडे दोषशोधन करणाऱ्याने नेहमी संशयाने पाहणे इष्ट ठरते.

पर्यायी व नवीन पद्धती : प्रत्येक स्मृतिसंपर्क आज्ञावलीकडूनच तपासून घेण्याच्या पद्धती १९९० नंतर पुढे आल्या. २००२ मध्ये आलेले ‘व्हॅलग्राइंड’ हे साधन आदेशागणिक तपासणी करते व त्यामुळे आज्ञावली १० ते ३० पट मंद होते. ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ (२०१२) भाषांतराच्या वेळीच तपासणीचे आदेश घालते. त्यात मंदपणा सु. दुपटीपर्यंत राहतो आणि १३ बाइटांच्या खंडामागील फटीही दिसतात. विकसनाच्या काळात आज मुख्यतः हेच साधन वापरले जाते. असे असूनही पहारा-पृष्ठाची पद्धत मागे पडली नाही. उलट, ग्राहकांच्या हाती असलेल्या आज्ञावल्यांत ती नव्या रूपाने परत आली. गूगलच्या ‘जीडब्ल्यूपी-असॅन’ या व्यवस्थेत हजारो मागण्यांपैकी एखादीच यदृच्छेने निवडून तिच्या खंडास दोन्ही बाजूंस पहारा दिला जातो. खंड पृष्ठाच्या कोणत्या टोकास टेकवावयाचा हेही यदृच्छेनेच ठरते. एका यंत्रावर दोष सापडण्याची शक्यता अगदी थोडी असते, परंतु यंत्रे कोट्यवधी असल्याने कोठेतरी तो पहाऱ्यावर आदळतोच. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीत (२०२०) ही व्यवस्था अंतर्भूत करण्यात आली.

यंत्ररचनेच्या बाजूने पाहता, २०१८ मध्ये घोषित झालेल्या आर्म प्रक्रियकांच्या ८.५ रचनेत प्रत्येक १६ बाइटांस ४ बिटांची खूण देण्याची सोय आहे. पॉइंटरच्या वरच्या बिटांतही तीच खूण ठेवलेली असते व दोन्ही न जुळल्यास संरक्षणभंग होतो. आयबीएम ३६० मधील ४ बिटांच्या किल्लीशी असलेले हिचे साम्य उघड आहे. फक्त एका किल्लीखालचा प्रदेश २,०४८ बाइटांवरून १६ वर आला आहे. खुणा १६ च असल्याने शेजारच्या खंडास योगायोगाने तीच खूण मिळण्याची शक्यता राहते. म्हणून काही वाटप-आज्ञावल्या लगतच्या खंडांना आळीपाळीने सम व विषम खुणा देतात.